आपला माईक, आपलं मशीन

(महिला बचत गटांच्या संघाच्या मासिक प्रशिक्षणात क्षेत्र समन्वयक ताईंनी साऊंड सेटच्या देखभालीवर केलेलं बोलणं. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं छापत आहोत.)

मागं बसलेल्या आज्यांनो, तुम्ही पुढं या, आज हात लावून बघायचं आहे.

शेळीपालन झालं, मसाला झाला, शिवण झालं. लेखे लिहिणं तर दर महिन्याला चालूच असतं. आज विषय माईक आणि स्पीकरचा. काही जणी हसताय, कळतंय मला. "हे पोरांचं काम" असं मनात आलं असेल. म्हणूनच हा विषय घेतला.

आपल्यातल्या काही गटांनी कर्ज काढून साऊंड सेट घेतलाय, भाड्यानं देतात. धंदा चांगला आहे. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण, कुठंही जा, वर्षभर माईक लागतोच. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ ला जिजाऊंची, मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. पुढं १९ फेब्रुवारी, ८ मार्च, १४ एप्रिल, लगीनसराई. श्रावणात गावोगाव हरिनाम सप्ता, मग गणपती, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, नवरात्र. सेट घरी पडून राहत नाही.

पण हिशेब बघा. समजा एका कार्यक्रमाचं भाडं १००० रुपये आणि महिन्यात ४ कार्यक्रम झाले. ४००० आले. मशीन चालवायला शेजारचा पोरगा, त्याला दर वेळी ३००, म्हणजे १२०० गेले. महिन्यातून एकदा काहीतरी बिघडतं, दुरुस्तीवाला ७०० घेतो. राहिले २१००. कर्जाचा हप्ता २००० असला तर गटाच्या हातात १०० रुपये. दहा बायकांच्या गटात वाटले तर दहा-दहा रुपये! आणि त्या दुरुस्त्यांमधल्या बऱ्याचशा कसल्या असतात? केबलचं एक टोक तुटलेलं, फ्यूज उडालेला, बॅटरी उतरलेली. जे आपण पाच मिनिटांत करू शकतो त्याचे आपण पैसे मोजतो.

कर्ज गटाचं, हप्ता गटाचा, आणि बटण मात्र दुसऱ्याच्या हातात. हे काही बरं नाही.

पण बटणाच्या आधी लाईटचं बोलू. ते झाल्याशिवाय मी पुढं जाणार नाही.

लाईटशी खेळ नाही

माईक धातूचा असतो. बोलणारीचा हात त्याला लागलेला, ओठ जवळ. पाय कुठं? सारवलेल्या ओल्या जमिनीवर, नाहीतर सडा टाकलेल्या अंगणात. मशीनच्या आत कुठं वायर सैल झाली आणि तिचा करंट डब्याला उतरला, तर केबलमधून तो माईकपर्यंत येतो आणि बाईच्या अंगातून जमिनीत जातो. "माईकला हात लावला की मुंग्या येतात" असं कुणी म्हटलं की कार्यक्रम तिथंच थांबवायचा. मंचावर कुणीही बसलेलं असो. मुंग्या म्हणजे आज वाचलो एवढाच अर्थ.

अर्थिंग याच्यासाठी असतं. प्लगच्या तीन पिनांपैकी वरची एक पिन जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की प्लग घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. डब्याला उतरलेला करंट तिच्यावाटे जमिनीत जातो, आपल्या अंगातून नाही. आता गावात काय चालतं ते तुम्हालाच माहीत. बोर्डात बसत नाही म्हणून ती जाड पिनच तोडून टाकतात. किंवा मशीन घरघरतं म्हणून अर्थिंग काढतात, घरघर थांबते, सगळे खूष. हे कधीच करायचं नाही. घरघर घालवायचे दुसरे मार्ग आहेत, ते पुढं सांगते.

शाळेच्या, समाजमंदिराच्या बोर्डात तीन भोकं दिसली म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. पुष्कळदा तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नसते. वायरमनकडून एकदा तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा, आपल्याकडे मे महिन्यात जमीन इतकी कोरडी होते की अर्थिंग नावालाच उरतं. आणि तारेवर आकडा टाकून लाईट घेणार असतील तर सेट उतरवायचाच नाही. तो गुन्हा आहेच, शिवाय तिथं अर्थिंगचा पत्ता नसतो.

एक वस्तू गटानं विकत घ्यावी असं मी अगदी आग्रहानं सांगते. आरसीसीबी. आपल्या एक्स्टेंशन बोर्डात वायरमनकडून बसवून घ्यायची, ३० मिलिअँपिअरची. ती काय करते? जेवढा करंट गेला तेवढा परत आला का, हे सारखं मोजत असते. कमी आला म्हणजे तो कुणाच्यातरी अंगातून किंवा जमिनीतून जातोय. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती लाईट तोडते. घरात असते ती साधी एमसीबी हे काम करत नाही, ती वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बारीक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका पडला की ती चांगली आहे. आणि ती बसवली म्हणून अर्थिंग नको, असंही नाही. दोन्ही हवं.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा नवा घालायचा. चांदीचा कागद गुंडाळणं, तारेचा तुकडा खुपसणं बंद. फ्यूज मशीनसाठी मरतो, त्याला मरू द्या. नवा घातला आणि तोही लगेच उडाला तर दोष आत आहे, तिसरा घालायचा नाही, दुकानात न्यायचं.

कुणाला शॉक लागलाच तर तिला हात लावून ओढू नका. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा. मग १०८ ला फोन. श्वास बंद असेल तर छाती दाबायला लागायचं. आपल्या आरोग्याच्या प्रशिक्षणात आशाताईंनी ते करून दाखवलं होतं, त्या दिवशी ज्या जणी लवकर घरी गेल्या त्यांनी परत शिकून घ्या.

पाणी कुठं अडलं?

आता मशीन. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. तुमच्या शेतात विहीर, मोटर, पाइप आणि शेवटी सरी. इथं माईक म्हणजे विहीर, केबल म्हणजे पाइप, अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे मोटर, पुन्हा वायरचा पाइप, आणि स्पीकर म्हणजे सरी. शेवटच्या सरीला पाणी पोचत नसलं तर तुम्ही मोटर खोलत बसत नाही. पाइपाच्या बाजूनं चालत जाता आणि कुठं ओलं झालंय ते बघता. आवाज बंद पडल्यावरही तेच करायचं.

पहिलं, मशीनचा दिवा लागलाय का? नसेल तर बोर्ड, प्लग, फ्यूज. दिवा लागलाय पण आवाज नाही, तर निम्म्यातून तोडायचं. माईक काढून ठेवा, मोबाईल जोडा आणि गाणं लावा. गाणं वाजलं? मग मशीन, वायर, स्पीकर सगळं ठीक, दोष माईकच्या बाजूला. गाणंही वाजत नाही? मग माईकला दोष देऊ नका, मशीन किंवा स्पीकरकडं बघा. एका मोबाईलनं निम्मी शोधाशोध संपते.

माईकच्या बाजूला दोष असेल तर आधी माईकचं बटण बघा. हसू नका, बंद माईकसाठी दुरुस्तीवाल्याला बोलावल्याचं मी बघितलंय. मग केबल बदला. केबल बदलून चालू झालं तर माईक चांगला. स्पीकरच्या बाजूला असेल तर दुसरा स्पीकर लावून बघा.

यात दोन गोष्टी पाळायच्या. एका वेळी एकच वस्तू बदलायची. तीन बदलल्या आणि चालू झालं तर बिघडलेली कोणती, हे कळणारच नाही, आणि ती परत पेटीत जाऊन पुढच्या कार्यक्रमाला दगा देणार. दुसरं, कुठलीही पिन काढता-घालताना आवाजाचं बटण शून्यावर. नाहीतर "धाड" असा जो आवाज होतो ना, तो स्पीकरच्या पडद्याला बसलेला धक्का असतो.

सुरू करताना मिक्सर आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलटं, अ‍ॅम्प्लिफायर आधी. जनरेटर असेल तर तो सुरू करून आधी स्थिर होऊ द्या, मग सेट लावा. आणि मंडपातले बल्ब एकाएकी भगभगीत झाले तर विचार न करता सेटची पिन काढा. डीपीवर किंवा लाईनमध्ये न्यूट्रल तुटला की एका घरात लाईट मिणमिणते आणि दुसऱ्या घरात व्होल्टेज फार वर जातं. आपल्या लाईनला २३० व्होल्ट असायला हवेत. त्याच्या फार वर गेलं की मशीन जळतं.

आवाज सांगतो काय बिघडलंय ते. बटण फिरवताना खरखर होते, न फिरवता होत नाही, तर बटणात धूळ बसलीय. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, मशीन बंद करून थोडा मारायचा आणि बटण वीसेक वेळा फिरवायचं. खोबरेल नाही, रॉकेल तर नाहीच. केबल हलवली की आवाज जातो-येतो, तर केबलचं टोक तुटलंय. सारखी बारीक "गूंऽऽ" अशी घरघर येते, तर बहुतेक वेळा माईकची केबल लाईटच्या वायरीला चिकटून लांबवर गेलेली असते. दोघींना वेगळं करा. एकमेकीवरून जावंच लागत असेल तर फुलीसारखं आडवं जाऊ द्या, शेजारी-शेजारी नको. मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावा, त्यानंही पुष्कळ फरक पडतो. तरी घरघर राहिली तर केबलच्या आत वरून जी जाळीची तार असते ती टोकाशी सुटली आहे का बघा.

माईक ओरडला म्हणून खाली बसू नका

यावर जरा जास्त बोलणार आहे.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा आपल्या राज्यात नियम आहे. सभा होते, माईक असतो. एखादी ताई उठते, पहिल्यांदाच माईक हातात घेते. लाजेनं तो पोटाजवळ धरते. आवाज येत नाही. मशीनवाला पोरगा बटण वाढवतो. माईक "कुईंऽऽ" करून शिट्टी मारतो. सगळे कानावर हात ठेवतात, पोरं हसतात, आणि ताई "जाऊ द्या" म्हणून खाली बसते. रस्त्याचं, पाण्याचं, दारूच्या दुकानाचं जे काही सांगायचं होतं ते तिच्यापाशीच राहतं. दुसऱ्या दिवशी गावात म्हणतात, बायकांना बोलता येत नाही.

त्या शिट्टीत बाईची चूक नसते. स्पीकरमधून आलेला आवाज परत माईकमध्ये शिरतो, मशीन तो अजून मोठा करतं, तो परत स्पीकरमधून येतो, परत माईकमध्ये. जात्यात पीठ पडायच्या ऐवजी तेच पीठ पुन्हा वरून टाकत राहावं तसं. थांबवायचं कसं?

स्पीकर पुढं आणि माईक त्यांच्या मागं. बोलणारी बाई स्पीकरच्या तोंडासमोर उभी राहता कामा नये. निम्म्या शिट्ट्या इथंच बंद होतात. मग माईक तोंडाजवळ, चार बोटांवर. जवळ धरला की मशीनचं बटण कमी ठेवता येतं, आणि बटण कमी असलं की शिट्टी नाही. माईकची जाळी मुठीत आवळायची नाही. जाळी झाकली की माईकला चहूकडचा आवाज ऐकू येतो आणि तो जास्त ओरडतो. माईक दांड्याला धरायचा. मंचावर चार माईक ठेवले असतील तर जो बोलतोय तेवढा चालू, बाकीचे बंद. पत्र्याच्या सभागृहात आवाज घुमतो, तिथं स्पीकर भिंतीकडं तोंड करून ठेवू नका, माणसांकडं करा आणि आवाज बेतानंच ठेवा.

म्हणून सेट आपला असेल तेव्हा सभेच्या आधी अर्धा तास जायचं, आणि ज्या बायका बोलणार आहेत त्यांना एकेकदा माईक हातात देऊन नाव सांगायला लावायचं. मशीनपाशी आपल्यातलीच एक बसलेली असेल तर उठणाऱ्या बाईकडं बघून ती बटण सावरते. हे मी खूपदा बघितलंय. पोरगं बटणाकडं बघतं, आपली बाई बोलणारीच्या तोंडाकडं बघते.

माईक चालू आहे का बघायला त्यावर टकटक करायचं नाही, फू-फू करायचं नाही. आत कागदासारखा पातळ पडदा असतो. "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणा. जाळीच्या आत थुंकी आणि धूळ साचते. पुढाऱ्यांच्या तंबाखूचं तर बोलायलाच नको. बहुतेक माईकची जाळी आटे फिरवून निघते. ती जाळी आणि आतला स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग लावायचा. खालच्या माईकला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

बिनवायरचा माईक असेल तर सेल एकदम दोन्ही नवे घाला, एक जुना एक नवा नको. कार्यक्रम संपला की सेल काढून ठेवा. आत राहिले की पाझरतात, पांढरी-हिरवट पूड धरते आणि पत्ती खाऊन टाकते.

वायर आणि स्पीकर

दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसा केबलीत जातो, कारण आपण त्या कोपराला गुंडाळतो. हात आणि कोपर, हात आणि कोपर, सगळ्यांना ती सवय. त्यानं आतल्या तारेला पीळ बसतो. दाव्याला पीळ बसला की ते कसं आपोआप गुंतत जातं? तसंच आतली तार तुटते आणि वरून काही दिसत नाही. केबल हातात मोठे सैल वेढे करत घ्यायची, ती जशी वळेल तशी वळू द्यायची, आणि कापडी पट्टीनं बांधायची. पिन काढताना पिनेला धरायचं, वायर ओढायची नाही.

साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा. त्यात बीप वाजायची खूण असते. केबलच्या एका टोकाला एक काडी, दुसऱ्या टोकाला त्याच जागी दुसरी काडी. बीप वाजली की तार सलग आहे. तीन पिनांची केबल असेल तर एक ते एक, दोन ते दोन, तीन ते तीन वाजायला पाहिजे, आणि एक ते दोन, दोन ते तीन वाजता कामा नये. तपासताना टोकाजवळ केबल थोडी हलवा, तुटलेली असली तर बीप अडखळते. दोष बहुतेक पिनेच्या आतच निघतो. तेवढा भाग कापून नव्यानं सोल्डर मारायचं. सोल्डर शिकायला एक दुपार पुरते. शिवणयंत्रात दोरा ओवणाऱ्या बाईला हे अवघड नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्पीकर जोडताना मात्र डोकं शांत ठेवा. गावाकडं बऱ्याच ठिकाणी अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर दिसतो, तसल्या मशीनच्या मागं ४ ओहम, ८ ओहम, १०० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय वायर खोचू नका. ८ ओहमचे दोन डबे शेजारी-शेजारी जोडले की मशीनला ते ४ ओहम दिसतात. चार जोडले की २. ओहम जितके कमी तितका मशीनवर भार जास्त. मशीन ४ ला चालतं आणि तुम्ही २ चा भार दिला तर ते तापून बसतं. एका मोटरवर चार शेतं भिजवायला काढल्यासारखं.

सप्त्याला लांबवर भोंगे लावतात तेव्हा १०० व्होल्टची जोडणी वापरतात. त्यात भोंग्याजवळ छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तिथं हिशेब सोपा, सगळ्या भोंग्यांचे वॅट मिळवायचे आणि बेरीज मशीनच्या वॅटच्या आत ठेवायची. १०० वॅटचं मशीन असेल तर ३० वॅटचे तीन भोंगे चालतील, ९० झाले. चौथा लावला तर १२०, नाही चालणार. यजमान म्हणतील, "ताई, एक अजून लावा, वेशीपर्यंत जाऊ द्या." नाही म्हणायचं. आणि या १०० व्होल्टच्या तारेचाही शॉक बसतो, उघडी ठेवायची नाही.

आवाज फाटायला लागला, लाल दिवा सारखा लुकलुकायला लागला, म्हणजे मशीन दमलंय. तसंच रेटलं की भोंग्याच्या युनिटमधला डायफ्राम जळतो. आवाज लांब पोचवायचा असेल तर बटण वाढवण्याआधी स्पीकर उंच करा, माणसांच्या डोक्याच्या वर. पुढच्या माणसांच्या अंगात आवाज अडकून राहतो, म्हणून मागच्यांना ऐकू येत नाही.

बॅटरीचं थोडक्यात. १२ व्होल्टवर चालणारं मशीन असेल तर लाल ते लाल, काळी ते काळी. उलटं लावलं की मशीन जळू शकतं. ६० अँपिअर-तासाची बॅटरी आणि मशीन सरासरी ५ अँपिअर ओढतं, तर कागदावर १२ तास निघतात. पण साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून ६ तासच धरा. मल्टिमीटरनं बघा, काही तास न वापरता ठेवलेली बॅटरी १२.६ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पाणी डिस्टिल्डच घालायचं, नळाचं किंवा बोअरचं नाही. चार्जिंगला लावल्यावर तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, चुलीजवळ किंवा देवाच्या दिव्याजवळ ठेवू नका.

ठेवायची जागा. उंदीर! कापसाच्या, धान्याच्या खोलीत सेट ठेवाल तर वायरी आणि स्पीकरचा कागद दोन्ही जाणार. पत्र्याची पेटी किंवा झाकणाची लोखंडी कोठी घ्या. धूळ कोरड्या ब्रशनं झाडा, ओलं फडकं नको. कार्यक्रमात मशीनवर सतरंजी, फुलांची पाटी, शालींचा गठ्ठा ठेवू देऊ नका. त्याला वारा लागतो आणि आपल्याकडचं ४२ डिग्रीचं ऊन त्याला सोसत नाही, सावलीत ठेवा. पावसाळ्यात काम नसलं तरी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास चालू करा, आतली ओल निघून जाते.

दहाच्या पुढं नाही

ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही. सण-उत्सवासाठी शासन वर्षातले १५ दिवसांपर्यंत रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस आधी जाहीर होतात. आपल्या मनानं "आज सूट आहे" असं ठरवायचं नाही. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. लेखी परवानगी यजमानानं काढायची, पण तिची झेरॉक्स बघितल्याशिवाय आपण सेट उतरवायचा नाही, कारण जप्ती झाली तर ती सेटची होते. सर्वोच्च न्यायालयानं २००५ च्या निकालात राज्यांना जप्तीची तरतूद करायला सांगितलंय.

शिवाय आपल्याही घरात बाळंतीण असते, म्हातारं माणूस असतं, दहावीचं पोर असतं. रात्री अकराला "अजून एक गाणं" म्हणणाऱ्याला नाही म्हणायला दोघी जणी बरोबर असलेल्या बऱ्या. सेटबरोबर कधीही एकटीनं जाऊ नका, हे त्यासाठीही.

आता वहीचं. सेटची वेगळी वही. कधी गेला, कुणाकडं, निघताना काय काय होतं, परत येताना काय आलं, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, किती लागले. केबलींना नेलपॉलिशनं आकडे घाला, एक, दोन, तीन. म्हणजे "ती काळी वायर खराब आहे" असं नको, "चार नंबर" म्हटलं की झालं. तीच वायर तिसऱ्यांदा वहीत आली तर कापून टाका, माया करू नका. भाड्यातले थोडे पैसे दर वेळी दुरुस्तीच्या नावानं बाजूला टाकायचे, किती ते गटानं ठरवायचं, आणि ते अंतर्गत कर्जाला वापरायचे नाहीत.

पुढच्या मासिक बैठकीला येताना ज्या गटांकडं सेट आहे त्यांनी एक बिघडलेली केबल आणि आपली वही घेऊन यायचं. ज्यांच्याकडं सेट नाही त्यांनीही यावं, केबली पुष्कळ निघतील. सोल्डरिंगची इस्त्री आणि मल्टिमीटर मी आणते. बैठक ११ वाजता आहे, पण या कामासाठी आपण १० ला जमू. डबा घेऊन या, आणि सुती साडी किंवा ड्रेस घाला. सोल्डरचा थेंब नायलॉनवर पडला की भोक पडतं.